टूरिंगची गाडी घरी रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी २०१३ सालची थंडरबर्ड ३५०. वीस लिटरची टाकी, मूळ रंग काळा. कोकणातला पाऊस, घाटातली लाल माती आणि टाकीवर बांधलेली बॅग यांनी तो रंग पार खाल्ला होता. रॉयल एनफील्डनं २०२० मध्ये थंडरबर्ड बंद करून मीटिअर ३५० आणली. मूळ रंगातली नवी टाकी शोधत हिंडण्यापेक्षा आहे ती नीट करावी असं मी ठरवलं आणि साताऱ्यातल्या घरी, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी गडद निळी केली. त्यानंतर मित्रांनी आणि त्यांच्या मित्रांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची ही उत्तरं. गाडी थंडरबर्ड नसली तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

घरी रंगवून गॅरेजसारखं फिनिशिंग येतं का?

येतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. टाकी, दोन मडगार्ड आणि दोन साइड पॅनल एवढ्याच कामाला मला सुट्टीचे नऊ दिवस लागले. स्प्रे गन हातात धरून प्रत्यक्ष रंग मारण्याचं काम त्यात जेमतेम दीड तासाचं. बाकी सगळा वेळ घासणं, पुसणं आणि वाळायची वाट बघणं यात गेला. ज्याला पाणीपेपर (ओला करून वापरायचा घासकागद) हातात धरून चार तास बसायचा कंटाळा आहे, त्यानं सुटे भाग काढून पेंटरकडे नेऊन द्यावेत. भाग स्वतः उघडून नेले तरी रबर आणि वायरींवर रंग बसत नाही, हा फायदा मोठा आहे.

रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते का?

हो. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि रस्त्यावरची गाडी त्याच्याशी जुळायला हवी. त्याच रंगात पुन्हा रंगवणार असाल तर प्रश्नच नाही. रंग बदलणार असाल तर आधी आपल्या आरटीओकडे अर्ज करा, तो परिवहन पोर्टलवरूनही करता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअर निळी गाडी बघतोय आणि कागद काळी म्हणतोय, ही वेळ आपल्यावर कशाला आणायची?

एक रंग मात्र मनातून काढूनच टाका. लष्कराच्या गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन खासगी वाहनाला देता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ तसं स्पष्ट सांगतो. बुलेटवाल्यांना हा रंग फार आवडतो, मलाही आवडतो. पण तो ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्यावा.

सुरुवात कुठून करायची?

फोटोंपासून. प्रत्येक नट, वायर आणि क्लिप उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवा आणि डब्यावर चिठ्ठी लावा. मग प्रत्येक भागाला चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर प्लॅस्टिक किंवा फायबर. हे कळणं गरजेचं आहे, कारण प्लॅस्टिकला आधी त्याचा वेगळा प्रायमर द्यावा लागतो. तो दिला नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

मागचं मडगार्ड उतरवताना नंबरप्लेटकडे लक्ष द्या. उच्च सुरक्षा प्लेटचे लॉक एकदाच वापरायचे असतात, उपटले की पुन्हा बसत नाहीत. शक्य असेल तर प्लेट ज्या पट्टीवर आहे ती पट्टीच सोडवा.

टाकी रिकामी केली म्हणजे काम सुरू करता येतं ना?

नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे उत्तर लक्षात ठेवा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, आणि स्फोटाला तेवढंच पुरतं. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ती तयारच असते. शिवाय ती हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरत जाते, जिन्यावरून खाली उतरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते.

म्हणून टाकी घरात उघडू नका. स्वयंपाकघरातला गॅस, गिझर, देवघरातली समई किंवा निरांजन, उदबत्ती, यांतलं काहीही जवळपास पेटलेलं नको. बॅटरीची वायर आधी काढा. पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये उघड्या हवेत काढा. कार्ब्युरेटरच्या गाडीला कॉक असतो, तो आणि पेट्रोल दाखवणारा सेन्सर दोन्ही सोडवा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो, तो सर्व्हिस मॅन्युअल बघूनच काढा आणि बसवताना त्याचं रबरी सील नवं घाला.

मग टाकी सावलीत, झाकण उघडं ठेवून दोन-तीन दिवस राहू द्या. त्यानंतर कपड्याच्या साबणाचं पाणी भरून खळखळून ओता, असं तीन-चार वेळा. वास पूर्ण जाईपर्यंत हेअर ड्रायर, हीट गन किंवा ग्राइंडर टाकीच्या जवळ आणायचा नाही. ड्रायरच्या आत लालबुंद तार असते हे आपण विसरतो. आणि टाकीला छिद्र असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही नको. ते काम टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाला द्या.

टाकी आतून गंजली आहे. आधी गंज की आधी रंग?

आधी गंज. उलट केलंत तर गंज काढण्याचं पाणी नव्या रंगावर ओघळून तो डागाळतो.

संडास साफ करायचं ॲसिड वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि त्याच्या वाफांनी आसपासचं लोखंडही गंजतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. कोमट पाण्यात लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम घालून टाकी गळ्यापर्यंत भरा आणि एक दिवस ठेवा. ओतल्यावर लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं विसळा आणि लगोलग आतून कोरडी करा. इथे रेंगाळलात तर स्वच्छ झालेल्या पत्र्यावर अर्ध्या तासात नारिंगी झाक येते. कोरडी झाली की थोडं इंजिन ऑइल आत फिरवून सगळीकडे पातळ लेप बसवा, आणि पेट्रोल भरण्याआधी तो पेट्रोलनं विसळून काढा.

जुना रंग पूर्ण खरवडायचा का?

जुना रंग घट्ट असेल तर गरज नाही. कंपनीचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो, त्याच्याइतकं चांगलं अस्तर तुम्हाला घरी जमणार नाही. मात्र जिथे फोड आलेत, तिथे नखानं खरवडून बघा. फोडाखाली गंज दिसला तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत उघडा करा आणि आजूबाजूच्या रंगाची कड १८० व २४० नंबरच्या पेपरनं अशी उतरवत न्या, की बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. डोळे मिटून हात फिरवला की डोळ्यांना न दिसलेला खड्डा हाताला लागतो.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, पोच असलेल्या जागी त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मग सगळ्या भागावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा प्रायमर. लांबी जितकी पातळ तितकी चांगली. टाकीला इंजिनची धग आणि थरथर दोन्ही सोसायची असते, जाड लांबी तडकते. प्रायमर वाळला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करा आणि ६०० नंबरच्या पाणीपेपरनं घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा आहे, जिथे प्रायमर पटकन उडतो तिथे उंचवटा. शेवटचा हात ८०० नंबरचा. मेटॅलिक रंग देणार असाल तर इथे आळस करू नका, जाड पेपरचा प्रत्येक ओरखडा चंदेरी कणांतून वर दिसतो.

ड्युको चांगला की पीयू?

टूरिंगच्या गाडीला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, यात मला शंका नाही. जुन्या गॅरेजवाल्यांचा ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. तो वाळतो पटकन, चमकतो छान, दुरुस्तीलाही सोपा. पण त्यावर पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. पंपावर काठोकाठ भरताना टाकीवर चार थेंब पडतातच, आणि लांबच्या प्रवासात दिवसातून दोनदा पडतात. महिनाभरात झाकणाभोवती फिकट कडं दिसू लागतं. पीयूमध्ये हार्डनर मिसळलेला असतो, त्यामुळे रंग नुसता वाळत नाही, तर रासायनिक क्रियेनं घट्ट होतो आणि पेट्रोलला दाद देत नाही.

रंगाचा बेस कोणत्याही चांगल्या कंपनीचा घ्या. वरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मात्र टू-केच हवा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, दोनास एक किंवा चारास एक. ते मापाच्या भांड्यानंच मोजायचं. हार्डनर जास्त घातला म्हणजे रंग जास्त पक्का होतो, हा गैरसमज आहे. तो ठिसूळ होतो.

मास्क कुठला? रुमाल चालेल का?

रुमाल नाही, कापडी मास्क नाही, करोनाच्या वेळचा एन-९५ही नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी झाली, तर पुढे अगदी थोड्या वासानंही त्रास होतो आणि ती सहसा जात नाही. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफ आणि कण या दोन्हींसाठीची काडतुसं असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क घ्या. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरतात, तो याहून सुरक्षित.

रंगवताना आणि नंतर काही तास लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा त्रास असलेलं कुणी गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर नको. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि खाली उभ्या गाड्यांवर धुरळा उडून बसतो, तो नंतर निघत नाही.

एवढी सोय होत नसेल तर मध्यम मार्ग आहे आणि तो मला मनापासून पटतो. घासणं, लांबी, पुन्हा घासणं हे सगळं घरी करा आणि टू-केचे प्रायमर व क्लिअर बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. मेहनत तुमचीच राहते, फुप्फुसं वाचतात.

कॉम्प्रेसर नाही. स्प्रेच्या डब्यांनी होईल?

साइड पॅनलला होईल, टाकीला साधा डबा नको. साध्या डब्यातला क्लिअर पेट्रोलपुढे टिकत नाही. तळाशी बटण दाबून आतला हार्डनर फोडायचा असतो ते टू-के डबे मिळतात, ते चालतील. पण एकदा फोडला की एक-दोन दिवसांत आतला माल घट्ट होतो, म्हणून सगळे भाग तयार झाल्यावरच फोडा. मास्क त्यालाही तोच.

गन वापरणार असाल तर १.३ किंवा १.४ मिलिमीटरचा नोझल, भागापासून वीतभर अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावाच. आणि पहिला प्रयोग टाकीवर करू नका. भंगारवाल्याकडून जुनं मडगार्ड आणा आणि त्यावर हात बसवा.

कुठल्या महिन्यात रंगवावं?

दिवाळीनंतर ते शिमग्याआधी. पावसाळ्यात अजिबात नाही. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि रंग दुधासारखा पांढुरका पडतो. मुंबई-कोकणात डिसेंबर-जानेवारी बरे. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण येते. रंग भागावर पोचेपर्यंतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तिथे सावकाश उडणारा थिनर घ्यावा लागतो. थंडीतही दव पडायच्या वेळेला रंगवू नका. सकाळचं दव उडाल्यावर, साधारण दहा ते एक ही वेळ मला सर्वांत चांगली वाटली. आधी फरशीवर पाणी मारून ठेवलं की धूळ उडत नाही.

रंग मारताना ओघळ आला किंवा खड्डे पडले तर?

ओघळ आला तर हात लावू नका. ओला ओघळ पुसायला गेलं की छोट्या चुकीची मोठी होते. क्लिअर पूर्ण घट्ट झाल्यावर १५०० च्या पाणीपेपरनं तेवढाच उंचवटा उतरवायचा, मग २००० आणि शेवटी कंपाउंडनं रबिंग. रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसत असेल तर त्यालाही हाच उपाय. मात्र कडांवर जपून. तिथे क्लिअर पातळ असतो आणि दोन हातांत खालचा रंग उघडा पडतो.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर समजा की कुठून तरी तेल किंवा सिलिकॉन आलंय. जुनं पॉलिश, टायर चमकवायचा स्प्रे, चेनचं ऑइल. माझ्या पहिल्या प्रयत्नात टाकीवर असे बारा-पंधरा खड्डे पडले. कारण शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं की सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावलं होतं आणि त्याच हातांनी पुसायचं फडकं पिळलं होतं. सगळं घासून पुन्हा प्रायमरपासून सुरू केलं. आता वॅक्स-ग्रीस रिमूव्हर लावताना दोन फडकी वापरतो, एकानं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्यानं पुसायचं.

मॅट रंग कसा राहील?

दिसायला देखणा, प्रवासाला वाईट. मॅट रंगाला ओरखडा पडला तर तो पॉलिश करून काढता येत नाही, कारण घासलं की तेवढीच जागा चमकते. बॅगेचे पट्टे, गुडघे, किल्लीचा जुडगा, सगळ्यांच्या खुणा उमटतात. आठवडा-दोन आठवडे रस्त्यावर असणाऱ्या गाडीला चमकदार क्लिअरच द्यावा.

टाकीवर सोनेरी रेषा हव्या आहेत. स्टिकर लावू का?

स्टिकर लावून वर क्लिअर मारला तर टिकतो. पण जमत असेल तर हातानं ओढून घ्या. रॉयल एनफील्डच्या चेन्नईतल्या तिरुवोट्टियूर कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या रेषा वर्षानुवर्षं हातानंच ओढल्या गेल्या, कुठलीही पट्टी न लावता. आपल्याकडे ट्रकच्या फळ्यांवर नक्षी आणि नंबर रंगवणारे पेंटर अजून आहेत. नंबरप्लेटांचं काम गेल्यामुळे त्यांच्यातल्या अनेकांकडे हल्ली वेळही आहे. मी माझी टाकी अशाच एका काकांकडे नेली. लांब केसांचा कुंचला भरून त्यांनी श्वास रोखून एका दमात रेषा ओढली. ती जवळून पाहिली तर मध्ये केसभर जाड होते, आणि मला ती तशीच आवडते.

चासी (गाडीचा सांगाडा) सुद्धा रंगवायची आहे.

मग पावडर कोटिंग करा, पण ते घरचं काम नाही. त्यासाठी गाडी सांगाड्यापर्यंत उघडावी लागते आणि भाग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जातो. बेअरिंगच्या जागा, आटे आणि कोरलेला चासी नंबर झाकायला दुकानदाराला बजावून सांगा. नंबर रंगाखाली बुजला तर पुढे आरटीओत त्रास होतो. लांबी भरलेली टाकी मात्र भट्टीत पाठवू नका, साधी लांबी ती उष्णता सोसत नाही.

रंगाबरोबर प्रवासासाठी आणखी काय बदलावं?

गाडी उघडलेलीच असते तर वायरिंग आत्ताच करून घ्या. जादा एलईडी लाइट लावायचे असतील तर रिले आणि फ्यूज घालून थेट बॅटरीवरून वेगळी लाइन ओढा, मूळ वायर कापून जोड देऊ नका. वीस-वीस वॉटचे दोन दिवे साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतात, त्यांना पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. घाटात समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतके ते खाली झुकवा.

हँडलला रायझर (हँडल उंच करणारा तुकडा) लावलात तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच, ॲक्सिलरेटरच्या केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे बघा. बॅगांच्या फ्रेमचे बोल्ट घट्ट करण्याआधी, रंगलेल्या पत्र्याला जिथे धातू टेकतो तिथे रबराचा वायसर घाला. माझा रंग सर्वांत आधी तिथेच गेला होता. गादीचा फोम बदलणं हा मात्र मी केलेला सर्वांत उपयोगी बदल. दिवसाला चारशे किलोमीटर केल्यावर रंग कुणाला आठवत नाही, पाठ आठवते.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. नियमाबाहेरच्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पहाटे पाचला ज्या गावातून आपण जातो तिथली माणसं झोपलेली असतात.

पेट्रोल कधी भरायचं? पूजा कधी करायची?

क्लिअर मारल्यावर निदान सात दिवस टाकीत पेट्रोल नको. महिनाभर वॅक्स, मॅग्नेटची टँकबॅग आणि रेक्झिनचं कव्हर यांपासून गाडी दूर ठेवा, रंगातला उरलेला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो. नंतर जिथे बॅग आणि गुडघे घासतात तिथे पारदर्शक फिल्म लावा.

पूजा पहिल्या दिवशीच करावीशी वाटते, घरच्यांचाही आग्रह असतो. माझ्या आईनं हळदकुंकू टाकीवर न लावता हेडलाइटच्या काचेवर लावलं आणि हार हँडलला बांधला. ओलं कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या कोवळ्या रंगावर रात्रभर राहिल्या तर डाग पडतो. खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालाल तेव्हाही संध्याकाळी तो आठवणीनं उतरवा.

उरलेल्या रंगाचं काय?

हार्डनर मिसळलेला रंग ठेवता येत नाही, तो भांड्यातच दगड होतो. गटारात ओतू नका, घट्ट होऊ द्या आणि मग घातक कचऱ्यात वेगळा द्या. न मिसळलेला बेस मात्र काचेच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावा. त्यावर रंगाचा कोड आणि तारीख लिहा. माझी बाटली टूलकिटमध्ये एका बारीक ब्रशसोबत असते. आंबोलीच्या घाटात दगड उडून मडगार्डला टिकली पडली, तेव्हा संध्याकाळी मुक्कामावर पोचल्या पोचल्या एक थेंब लावला. गंज तिथे शिरला नाही.